उंदरांच्या पाळीची वही

“विश्वास बसणार नाही गुरुजी, आणि बसला तर तुमच्या शिक्षणावरचा माझा विश्वास उडेल. पण भीती कुठल्या दिवशी घरी असते आणि कुठल्या दिवशी बाहेर जाते, हे या जिल्ह्यात पहिल्यांदा कुणी पाहिलं असेल, तर ते या दामू उंड्यानं.”

परवाच्या रविवारी मी अशी सुरुवात केली. खैरमोडे गुरुजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. अशा माणसाला गोष्ट सांगण्यात एक सुख असतं. आकडा चुकला नाही, तर बाकी सगळं तो मुकाट गिळतो.

“कुणाची भीती?” गुरुजींनी विचारलं.

“उंदरांची. मेडिकल कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये एकवीस वर्षं मामा होतो मी, प्राण्यांचं सगळं बघणारा. चोवीस पांढऱ्या माद्या माझ्या ताब्यात. एकेक मांजराएवढी.”

“वीतभर,” आतून कुंदा म्हणाली.

“वीतभर. पण वीत आमच्या आजोबांची.”

कुंदा माझी मुलगी. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली, आता माझ्याजवळच असते. आत ती चहाचं बघत होती. आमच्याकडे चहा विजेच्या किटलीत होतो. गॅस आहे, पण तो मीच पेटवतो. गुरुजी दर रविवारी विचारतात, “सिलिंडर संपला का हो?” आणि मी दर रविवारी नवीन कारण देतो.

तर चौऱ्याऐंशी साल. उन्हाळा नुकता सरलेला. डॉक्टर शैलजा तोरणे ॲनिमल हाउसच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या काखेत एक लाकडी पेटी होती. तळाला पितळी सळया, बाजूला दारावरची असते तशी घंटा, समोर काच. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. केसांत पेन खोचलेलं.

“मामा, ही कुठे ठेवू?”

“काय आहे आत?”

“अजून काही नाही. आजपासून भीती.”

मला वाटलं, बाई थट्टेखोर आहे, आपलं जमेल. पण त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी एक उंदरीण पेटीत सोडली. घंटा वाजली आणि घंटेबरोबर पायाखालच्या सळयांना विजेची बारीकशी चुणूक. असं पाच वेळा. दुसऱ्या दिवशी वीज बंद, नुसती घंटा. ती वाजली मात्र, आणि उंदरीण जागच्या जागी थिजली. मिशीसुद्धा हलेना. मॅडम घड्याळ लावून सेकंद मोजत बसल्या.

“हे पुसायचं कसं?” मी विचारलं.

“पुसलं जात नाही मामा. त्याच्यावर दुसरी पाटी ठेवायची. घंटा वाजली, काही झालं नाही. परत वाजली, काही झालं नाही. वीस वेळा असं झालं की डोकं म्हणतं, ठीक आहे, घंटेला भ्यायचं कारण नाही. खालची पाटी तशीच असते, वरची वाचली जाते.”

“मग झालं की काम.”

“नरांच्यात होतं. माद्यांच्यात कधी वरची पाटी टिकते, कधी दुसऱ्या दिवशी घसरलेली असते. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, माद्या म्हणजे कटकट, नर घ्या. सगळे तेच करतात. म्हणून तर कुणाला ठाऊक नाही.” त्यांनी केसांतलं पेन काढलं. “माझा अंदाज असा आहे, की धडा कुठल्या दिवशी दिला यावर ते ठरतं. मादीच्या अंगात चार-पाच दिवसांचं एक चक्र फिरत असतं. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन भरतं, ओसरतं. भरलेलं असताना शिकवलं तर टिकेल. ओसरल्यावर शिकवलं तर नाही.”

हा दिवस ओळखायची रीत मात्र अशी होती, की ऐकल्यावर गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ड्रॉपरनं मिठाच्या पाण्याचा एक थेंब उंदरिणीच्या मागच्या बाजूला, नको तिथे, आत सोडायचा, परत ओढायचा, स्लाइडवर ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. रोज सकाळी, चोवीस जणींचा.

“आणि दिसतं काय?”

“भरतीच्या दिवशी द्राक्षं, गुरुजी. गोल गोल, मध्ये बी असलेली. दुसऱ्या दिवशी पोहे. मग पोह्यांत खसखस मिसळलेली. शेवटी नुसती खसखस.” मी एकेक बोट दुमडून दाखवलं. “मॅडमनी एकदा मला भिंगातून दाखवलं होतं, म्हणून माहीत.”

उंदीर धरायचं काम माझं, थेंब काढायचं मॅडमचं. आमच्याकडे बाबर नावाचा शिपाई होता. त्यानं हे दारातून पाहिलं आणि दुपारपर्यंत कॅन्टीनभर केलं. तेव्हापासून मी चहाला गेलो की बाबर उठून खुर्ची द्यायचा. “या सुईणबाई, बसा. आज कुणाचं काय?” सगळे हसायचे. मीही हसायचो. माझ्यावरच्या विनोदाला मी सगळ्यांच्या आधी हसतो, ही माझी जुनी सवय आहे.

आता इथून पुढचं मी गुरुजींना हळू आवाजात सांगितलं, कारण आमचं स्वयंपाकघर दोन पावलांवर आहे.

आदल्या वर्षी आमच्या शेजारी स्टोव्ह भडकला होता. शेजारच्या काकू वाचल्या, पण कुंदानं ते पाहिलं होतं. पंधरा वर्षांची होती. तेव्हापासून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज ऐकला की ती थिजायची. रोज नाही. कधी पंधरा-पंधरा दिवस काही नाही, स्वतः स्टोव्ह पेटवून भात लावायची. आणि मग एखाद्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभी, बोटं पांढरी. अकरावी सायन्सला होती. रसायनाच्या प्रॅक्टिकलला स्पिरिटचा दिवा पेटवावा लागतो. दोनदा वर्गातून पळून आली. तिसऱ्यांदा पळाली तर नाव काढू, असं कॉलेजनं कळवलं होतं. तिला कॉलेज सोडायचं नव्हतं. मॅडमसारखं व्हायचं होतं तिला, पेन केसांत खोचून हिंडायची.

माझी बायको यमुना चौथी शिकलेली. तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. कुंदा थिजली त्या दिवशी फुली. आणि तिचे ते दिवस आले की तांबडी टिकली.

“बघा हो,” एके दिवशी ती मला म्हणाली, “फुल्या नेहमी टिकल्यांच्या आधीच येतात.”

“योगायोग.”

“सहा महिने योगायोग?”

मी ही गंमत म्हणून मॅडमना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते कॅलेंडर आणाल?”

मी ते पिशवीत गुंडाळून नेलं. मॅडमनी टेबलावर पसरलं, बोट फिरवत गेल्या, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मग खुर्चीत मागे रेलल्या.

“मामा, तुमच्या बायकोनं माझ्यापेक्षा चांगली वही ठेवली आहे.”

“चौथी पास आहे ती.”

“असू दे. ऐका. माझे आकडे आले ना, की मी स्वतः कुंदाच्या प्राचार्यांना भेटते. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनाही सांगते. तिला दिव्याजवळ उभं करायचं, पण कुठल्या दिवसांत सुरुवात करायची ते ठरवून. नुसतं माझ्या सांगण्यानं कुणी ऐकणार नाही. आकडे हवेत.”

“येतील की.”

“येतील,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आहात ना.”

हे वाक्य मी गुरुजींना सांगितलं नाही. इथे लिहितोय.

श्रावण लागला आणि मॅडमना चाळीस दिवस बंगलोरला जावं लागलं, प्रशिक्षणाला. थांबवता येण्यासारखं नव्हतं. सगळ्या माद्यांना घंटेची भीती लावून झाली होती, आता धडे द्यायचे होते. निम्म्यांना भरतीच्या दिवशी, निम्म्यांना ओहोटीच्या. सर म्हणाले, परत आल्यावर आकडे दाखवा, नाही तर हा विषय बंद, नर घ्या.

मॅडम सगळं माझ्यावर सोपवून गेल्या. जाताना एक नवी कोरी वही दिली, चोवीस रकाने आखलेली. बरोबर चिठ्ठी.

“आणि इथे गुरुजी,” मी मांडीवर थाप मारली, “इथे घोटाळा झाला. चिठ्ठीत काय लिहिलेलं? ‘मामा, रोज सकाळी प्रत्येकीची पाळी बघून वहीत लिहा. पहिली, दुसरी, तिसरी की चौथी. पहिलीच्या गटाला पहिलीला धडा, चौथीच्या गटाला चौथीला.’ बाईमाणूस, चारचौघांत स्पष्ट कशी लिहिणार? तिला म्हणायचं होतं ते चक्र. पण माझे वडील सूतगिरणीत! आमच्या घरात पाळी म्हणजे काय?”

“भोंगा!” गुरुजी ओरडले. त्यांचेही वडील गिरणीतच होते.

“भोंगा! पहिली पाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्रीची. मी म्हटलं, चौथी कुठून आणली बाईंनी? उंदरांची असेल. म्हणून मी काय केलं, पहिल्या सहा जणींपुढे लिहिलं पहिली, पुढच्या सहांपुढे दुसरी, मग तिसरी, मग चौथी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकेक पुढे सरकवलं. कुणावर अन्याय नको! गिरणीतल्या मुकादमानं काय पाळ्या लावल्या असतील, अशा लावल्या. थेंब नाही, स्लाइड नाही, भिंग नाही. ज्याची पाळी त्याला घंटा!”

गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. हा भाग मी इतक्या वेळा सांगितलाय, की कुठे थांबायचं, कुठे मांडीवर हात मारायचा, सगळं बसून गेलंय. लोक हसतात, आणि हसणारा माणूस पुढचं फारसं विचारत नाही.

“वही मात्र अशी ठेवली होती गुरुजी, की छापखान्यानं लाजावं. घरी घेऊन यायचो. अक्षर चांगलं यावं म्हणून.”

चाळीस दिवसांनी मॅडम आल्या. वही उघडली आणि म्हणाल्या, “काय सुंदर लिहिलंय मामा.” एकही खाडाखोड नव्हती. नंतर मला कळलं की खऱ्या वहीत खाडाखोड असते. कुणाचं चक्र चार दिवसांचं, कुणाचं पाच, एखादी मध्येच अडते. माझ्या चोवीस जणी पलटणीसारख्या पावलं टाकत होत्या.

मग त्यांनी एकेकीला पेटीत सोडलं, घंटा वाजवली, घड्याळ लावलं. आठवडाभर. मी पिंजरे आणून देत होतो. पहिल्या दिवशी त्या गुणगुणत होत्या. तिसऱ्या दिवशी बोलायच्या बंद झाल्या. शेवटच्या दिवशी कागदावर दोन रेघा काढून माझ्यापुढे धरल्या. एक या गटाची, एक त्या गटाची. दोन्ही एकीवर एक.

“काहीच फरक नाही,” त्या म्हणाल्या.

मी पिंजऱ्याची कडी लावत होतो.

“मामा, रोज बघत होतात ना?”

“रोज, मॅडम.”

“एखादा दिवस सुटला असेल तर सांगा. मी रागावणार नाही. एखादा आठवडासुद्धा सुटला असेल तरी चालेल, मी सरांना सांगून परत करीन. फक्त सांगा.”

“एकही दिवस सुटला नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. आपल्या अंदाजावर होता, त्यापेक्षा जास्त.

“खोटं काय बोललो त्यात?” मी गुरुजींना म्हणालो. “पाळी रोज बघत होतो की!”

गुरुजी पुन्हा हसले, पण या वेळी जरा कमी. “आणि बाईंचं पुढे काय झालं?”

“नर घेतले. पुस्तकभर प्रबंध झाला, पदवी मिळाली, बदली करून गेल्या. जाताना मला पेन दिलं.”

पेनाचं खरं आहे. केसांतलं होतं ते.

त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. यमुना भाकरी थापत होती. कुंदा दाराशी वही घेऊन बसली होती. मी म्हणालो, “कॉलेजात सिद्ध झालंय. शास्त्रानं. चोवीस उंदरांवर. ह्या दिवसांचा आणि भीतीचा काही संबंध नाही. तेव्हा ही थेरं आता पुरे.”

“तोरणे मॅडम असं म्हणाल्या?” कुंदानं विचारलं.

“त्यांचेच आकडे आहेत.”

दिवाळीनंतर तिचं नाव सायन्समधून काढलं आणि आर्ट्सला घातलं. यमुनानं पुढे कधी कॅलेंडरवर खूण केली नाही. दुधाचा खाडासुद्धा लिहायची नाही, तोंडपाठ ठेवायची.

एवढं सांगून झाल्यावर मी गुरुजींकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं. मग नेहमीसारखा आवाज चढवून शेवट केला, कारण गोष्टीचा शेवट हसरा असावा, असं माझं मत आहे.

“आता बोला गुरुजी! पंचवीस वर्षांनी कुठल्याशा मासिकात मी वाचलं, की तो अंदाज खरा निघाला. साहेबांच्या देशात, साहेबांच्या उंदरांवर. द्राक्षांच्या दिवशी धडा टिकतो, खसखशीच्या दिवशी घसरतो. म्हणजे सगळं जग चाळीस दिवसांत आपल्या गावाला येणार होतं, आणि ते आलं नाही. कशामुळे? एका शब्दामुळे! तीन आण्यांचा शब्द! पाळी!”

गुरुजी हसायला लागले आणि मध्येच थांबले.

कुंदा ट्रे घेऊन उभी होती. तिनं कप आमच्यापुढे ठेवले, साखरेचा डबा ठेवला, चमचा ठेवला. मग पदराला हात पुसले.

“बाबा, खोटं.”

“कुठला आकडा चुकला?” मी म्हणालो.

“आकडा नाही. चिठ्ठी नव्हतीच. मॅडमनी महिनाभर तुम्हाला भिंगाशी बसवून शिकवलं होतं. रोज घरी येऊन सांगायचात, आज सोळा द्राक्षं, चार पोहे. त्यापायी आईनं महिनाभर घरात पोहे केले नाहीत. मग कॅन्टीनमध्ये सुईणबाई म्हणायला लागले, आणि मॅडमची पाठ वळल्यावर तुम्ही भिंगावरची टोपीसुद्धा काढली नाहीत. रविवारी संध्याकाळी बसून पुढच्या आठवड्याची पानं भरायचात. पेनात शाई मी भरून देत होते.”

“अगं, शब्दाचा घोटाळा...”

“कसला शब्दाचा?” ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिनं. “त्याच चाळीस दिवसांत गौरी आल्या होत्या. मला मागच्या पडवीत बसवलंत. काकू ओटी भरायला आल्या, कुंदा कुठाय म्हणून विचारलं, तर तुम्ही दारातूनच सांगितलंत, ‘ती आत यायची नाही, तिची पाळी आहे.’ तेव्हा मी कुठल्या गिरणीत होते, बाबा?”